अनुभव धागा : फाइलीत काय ठेवायचं, स्टाफरूममध्ये काय बोलायचं

फिट्स, टाइप 1 मधुमेह, अध्ययन अक्षमता, नैराश्य. पालक किंवा मूल विश्वासाने सांगतं आणि शाळेला पेच पडतो. गप्प राहिलं तर जिवावर बेतू शकतं, बोललं तर दुसऱ्या दिवशी बसमध्ये चर्चा. या कामात मुरलेल्यांनी आपापली पद्धत लिहावी. किस्से नकोत, मुलांची नावं तर नकोतच.

समुपदेशक, माध्यमिक शाळा

"हे कुणालाच सांगणार नाही" असा शब्द देऊ नये, तो पाळता येत नाही. मुलाने तोंड उघडण्याआधीच सांगून टाकायचं: तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, आणि कुणाला सांगतेय ते आधी तुला कळेल. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 23 मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, आणि अपवादही तिथेच दिलेत.

संमती एकगठ्ठा घेऊ नका. कागदावर तीन रकाने: कोणाला, नेमकं काय, कधीपर्यंत. सही पालकांची, पण मुलालाही विचारायचं. मुदत एका शैक्षणिक वर्षाची, जूनमध्ये पुन्हा विचारणा. आठवीत "सरांना सांगा" म्हणणारं मूल दहावीत नको म्हणू शकतं.

शाळेतली परिचारिका

नावं कमी सांगायची असतील तर प्रशिक्षण जास्त जणांना द्या. फिट आल्यावर काय करायचं हे सगळ्या शिक्षकांना, शिपायांना, बसमधल्या ताईंना येत असेल तर फिट्स कोणाला येतात ही यादी फार थोड्यांना लागते. घड्याळ बघायचं, बाकं बाजूला सरकवायची, डोक्याखाली स्वेटरची घडी, झटके थांबले की कुशीवर. तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा नाही, चप्पल तर नाहीच (अजूनही कोणीतरी पुढे करतंच). पाच मिनिटं उलटली किंवा लागोपाठ दुसरी आली तर 108.

मधुमेहात मात्र नाव लागतंच. साखर उतरली की मूल घामाघूम, चिडचिडं, बावचळलेलं दिसतं. पीटीच्या सरांना ते नाटक वाटतं आणि मैदानाची आणखी एक फेरी पडते. म्हणून वर्गशिक्षक, पीटी आणि बस, तिघांकडे चिठ्ठी: रीडिंग 70 च्या खाली किंवा नुसती लक्षणं दिसली तरी तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता 108. सिकरूमकडे एकट्याला पाठवायचं नाही. आजार कधी झाला, घरात कोणाला आहे, हे चिठ्ठीवर कशाला?

परीक्षा विभाग, कनिष्ठ महाविद्यालय

बोलण्यातून फुटतं त्यापेक्षा कागदातून जास्त फुटतं. बैठक व्यवस्थेच्या तक्त्यात नावापुढे "एलडी" (अध्ययन अक्षमता), तोच तक्ता नोटीस बोर्डावर, त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवर. तक्त्यावर आसन क्रमांक आणि खोली पुरते. पर्यवेक्षकाच्या पाकिटात "तासाला 20 मिनिटं जादा, लेखनिक सोबत" एवढंच. तीन तासांच्या पेपरला एक तास वाढवून द्यायला त्यांना निदान कशाला हवं?

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) वर्गात सगळ्यांसमोर मागू नये. रंगावरूनच दिव्यांगत्वाची टक्केवारी कळते: 40 च्या खाली पांढरं, 40 पासून 80 च्या आत पिवळं, 80 आणि त्यावर निळं. प्रमाणपत्राची मूळ प्रत पाहून परत करा, एकच झेरॉक्स कुलपात. आणि यूडायसमध्ये (शाळांची माहिती भरायची सरकारी प्रणाली) विशेष गरजांचा रकाना भरून झाला की ती प्रिंट ऑपरेटरच्या टेबलावर राहू देऊ नका. झेरॉक्स मशीनच्या काचेवर मूळ कागद तसाच राहिला नाही ना, तिथेही एक नजर टाका.

विशेष शिक्षक

परिचारिका ताई, बदली शिक्षक राहिले. वर्गशिक्षक रजेवर गेले की तुमची चिठ्ठी त्यांच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद. बंद पाकीट हजेरीपटाच्या मागच्या खिशात ठेवायचं, बाहेर फक्त "तास घेणाऱ्यांनी वाचावे". सहलीला वेगळी प्रत, परतल्यावर जमा.

महाविद्यालयातला दिव्यांग कक्ष

18 पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याच्या घरी परस्पर फोन करायचा नाही, "फी आम्ही भरतो" असं पालकांनी कितीही सुनावलं तरी. जिवाचा धोका असेल तर गोष्ट वेगळी: एकटं सोडायचं नाही, टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416 लावून द्यायचं, घरच्यांपैकी कोणाला बोलावू हे त्यालाच विचारायचं. घरचाच जाच असेल तर नेमका चुकीचा माणूस दारात येऊन उभा राहतो.

नोंद त्याच दिवशी: काय कळलं, कोणाला सांगितलं, किती वाजता, का, सही. "योग्य ती कार्यवाही केली" ही ओळ चौकशीत कवडीच्या कामाची नाही.