मदत हवी आहे: लक्झरी ब्रँडने निव्वळ स्पोर्ट्स कार काढावी का?

वादसभेत मला 'हो, काढावी' ही बाजू मांडायची आहे, आणि ती मला मनापासून पटतेही. मुख्य आधार टोयोटाचा लक्झरी ब्रँड लेक्ससच्या एलएफए या स्पोर्ट्स कारचा: 2010 ते 2012, फक्त 500 गाड्या, 4.8 लिटरचं व्ही10 (दहा सिलिंडरचं). इंजिन 0.6 सेकंदात 9000 आरपीएमला (मिनिटाला फेरे) पोचायचं. मीटरच्या काट्याला तो वेग झेपेना म्हणून डिजिटल टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) बसवला. काय सुंदर हट्ट आहे हा! ऑडी आर8 घेतली असती, पण तिचा पाया लॅम्बोर्गिनीशी सामायिक, तिथे मुद्दा कच्चा पडतो.

रिव्ह्यू, लॅप टाइम भरपूर वाचलेत, ते नकोत. अडलंय एवढंच: एलएफएवर शिकलेलं कार्बन फायबरचं काम लेक्ससच्या नेहमीच्या कोणत्या मॉडेलमध्ये उतरलं, हे कंपनीच्या इंजिनिअरांनी कुठे सांगितलंय का?