प्रतिसाद: हुकअप नसताना आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन जंगलात

वर विचारलंय की वीज-पाण्याची जोडणी नसताना लहान मुलांना घेऊन अमेरिकेत मिशिगनच्या पिजन रिव्हर कंट्रीत राहता येईल का, तर हो, बिनधास्त जा! एक लाख एकरांहून मोठं जंगल आहे, आणि सप्टेंबरात गेलात तर एल्क या मोठ्या हरणाच्या नरांची ती लांबलचक शिट्टीसारखी हाक ऐकायला मिळते, १९१८ साली पश्चिम अमेरिकेतून आणून सोडलेल्या कळपाचा हा वंश.

आता पाणी. तिथे हातपंप असतो, त्याला होज (नळी) जोडता येत नाही, म्हणून फ्रेश टँक (स्वच्छ पाण्याची टाकी) आधीच फुल करून न्या आणि वर घालायला कॅन ठेवा. भांडी आधी टिश्यूने पुसून मग धुवा, कारण पाणी संपायच्या आधी ग्रे टँकच (सांडपाण्याची टाकी) भरतो. डम्प स्टेशन, म्हणजे सांडपाणी सोडायची जागा, कॅम्पग्राउंडवर नाही, परतताना जवळच्या स्टेट पार्कात रिकामं करायचं.

बॅटरीचं खरं दुखणं म्हणजे फर्नेस (गाडीतला हीटर), गॅसवर चालतो पण पंखा रात्रभर बॅटरी खातो, आणि साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर चार्ज निम्म्याच्या खाली उतरू देऊ नका. झाडांच्या सावलीत छतावरचं सोलर जवळपास झोपतंच, सुटं पॅनल लांब वायरीने उन्हात ठेवा. आणि लाकडं घरून अजिबात नेऊ नका प्लीज, त्यातूनच कीड पसरून तिथली अ‍ॅशची झाडं मेलीत, तिथेच विकत घ्या.