१०० टक्के दाखवते, तरी चार्जर काढताच बंद
चार्जर काढला की लॅपटॉप तत्क्षणी बंद आणि बॅटरी मात्र १०० टक्के, असं असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. तो बॅटरीतल्या चिपचा अंदाज असतो. बॅटरीतले सेल जुने झाले की त्यांचा अंतर्गत रोध (वीज वाहायला आतूनच होणारा अडथळा) वाढतो. भार पडताच व्होल्टेज कोसळतं. अशा वेळी 'बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा चार्ज करा' असं सुचवलं जातं; ते करून बघा हवं तर, पण त्याने फार तर आकडा सुधारेल, सेल नाही.

विंडोज असेल तर बॅटरी रिपोर्ट काढून डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता) ताडा. दुसरी पहिलीच्या निम्म्याखाली गेली असेल तर बॅटरी सरळ बदला. आकडे ठीक असतील तर लॅपटॉप बंद करून, चार्जर आणि (निघत असेल तर) बॅटरी काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा.

टचपॅड वर उचललेला दिसतोय का? मग यातलं काहीच नको. बॅटरी फुगलीय, चार्जिंग आधी थांबवा.