मदत हवी आहे: आमवातात सकाळचा पहिला तास कसा सांभाळावा?

सर्वांना नमस्कार. माझ्या आईला (वय 58) तीन वर्षांपासून आमवात आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, सोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि वेळच्या वेळी रक्ततपासणी, यांत खंड पडलेला नाही; त्यामुळे औषध सुचवावे अशी विनंती नाही, प्रश्न रोजच्या कामांचा आहे.

झिजेच्या सांधेदुखीत सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो. आईचा मात्र तासाहून अधिक टिकतो, आणि नेमकी तीच वेळ डबे करण्याची असते. परवा कात्री धरता येईना म्हणून तिने दुधाची पिशवी दातांनी फोडली. बोटे सरळ होत नसल्याने भाकरी ती तळहाताच्या कडेने थापते. ‘आम्ही करतो’ म्हटले की तिच्या मनाला लागते, आणि तिचे ते दुःख मला कळते.

कोमट पाण्यात हात बुडवून ठेवल्यावर थोडा आराम पडतो. फिजिओथेरपिस्टनी मेणाचा शेक सुचवला आहे. तो घरी घेणाऱ्यांनी, भाजू नये म्हणून कोणती काळजी घेतली, हे कृपया सविस्तर लिहावे. जाड मुठीची सुरी किंवा झाकण उघडण्याचे साधन कोणाला खरोखर उपयोगी पडले आहे का?

आणखी एक चिंता आहे. दुखणे असह्य झाले की ती वेदनाशामक गोळी परस्पर घेते, आणि अशा गोळ्यांनी जठराला व मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आपल्या घरी हे न दुखावता कसे समजावलेत?