एकदाच प्रायश्चित्त झालं, मग कबुली कशाला?

बरेचजण विचारतात की ख्रिस्ताने वधस्तंभावर मरून आपलं पाप आधीच फेडलंय, तर ख्रिस्ती माणूस वाट्टेल ते करायला मोकळाच की! हा प्रश्न जुनाच. येशूचा प्रेषित पौल याने बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात तो स्वतःच काढून झटक्यात उडवून लावलाय.

मुळात बायबलच्या जुन्या करारातला लेवीय पुस्तकाचा 16वा अध्याय बघा, यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. वर्षातून एकदा दोन बकरे. एकाचं रक्त महायाजक परमपवित्रस्थानात (उपासनास्थळाच्या सगळ्यात आतल्या खोलीत) शिंपडणार, दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापं कबूल करणार आणि त्याला रानात सोडून देणार. पुढल्या वर्षी पुन्हा तेच! नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा सगळा रोख इथेच आहे: दरसाल करावं लागतं म्हणजे काम पुरं झालेलं नाही, ख्रिस्ताचं अर्पण एकदाच, कायमचं. त्यामुळे उपासतापास करून क्षमा कमावणं तिथे बसत नाही.

मात्र क्षमा म्हणजे देणं बुडवणं नव्हे. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं (लूक 19). क्रम लक्षात घ्या, येशू आधी घरी आला, पैसे मग निघाले.

आता कबुली कशी होते, ते इंदुरातल्या दोन चर्चांत पाहा. रेड चर्च कॅथलिक. तिथे कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, फादरपुढे. आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, कबुली, पापमोचन (फादरने क्षमा जाहीर करणं), मग नेमून दिलेलं प्रायश्चित्त. गंभीर पाप विसरलं तर पुढच्या खेपेला सांगता येतं, मुद्दाम लपवलं तर अख्खं कन्फेशन बाद. चोरीचे पैसे जमत असूनही परत करायचे नसतील, तर पश्चात्तापच खोटा धरतात. व्हाइट चर्च सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीचं. तिथे कबुली सहसा उपासनेतच सगळे मिळून म्हणतात.