मुलगा मेटल बँडमध्ये ‘गातो’ : गळ्याचे काय होईल?

खर्ज

नमस्कार. मी गेली २२ वर्षे सांगलीत शास्त्रीय गायन शिकवते. माझा मुलगा १७ वर्षांचा असून बारावीत आहे. लहानपणी तो माझ्यासमोर बसूनच सरगम शिकला, गायनाच्या पहिल्या दोन परीक्षाही त्याने दिल्या; पण आठवीत आवाज फुटला तेव्हा जे गाणे थांबले ते थांबलेच. दीड वर्षापूर्वी त्याने तीन मित्रांबरोबर हेवी मेटलचा (रॉक संगीताच्या एका जोरकस प्रकाराचा) बँड काढला आणि त्या बँडमध्ये तो गातो. ‘गातो’ हे क्रियापद मी त्याचे मन राखण्यासाठी वापरते आहे. प्रत्यक्षात तो गुरगुरतो आणि मधूनच किंचाळतो.

त्यांचा सराव एका मित्राच्या वडिलांच्या हळदीच्या गोदामात चालतो. पोत्यांच्या थप्प्यांमुळे आवाज बाहेर फारसा येत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार नाही. मात्र शनिवारी संध्याकाळी घरी येतात तेव्हा चौघांचेही काळे टी-शर्ट पिवळे झालेले असतात. मी एकदाच गोदामाच्या दारात उभी राहून ऐकले आणि पाच मिनिटांत परत फिरले.

माझा मुख्य प्रश्न गळ्याचा आहे. ज्या गळ्यावर मी सात-आठ वर्षे मेहनत घेतली, तो असल्या ओरडण्याने कायमचा खराब होईल का? दुसरा प्रश्न विचारताना थोडा संकोच वाटतो. या संगीतात ऐकण्यासारखे काही आहे का, की हा केवळ वयाचा जोर आहे? मुलगा अभ्यासात मागे नाही, व्यसन नाही, मित्रही चांगले आहेत. तरी छायाचित्र काढताना चौघेही तर्जनी आणि करंगळी उभारून उभे राहतात, हे पाहून माझ्या सासूबाईंनी ‘हा कुठला पंथ?’ असे विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी तार

ताई, सासूबाईंपासून सुरुवात करतो, कारण त्यांना समजावणे सर्वांत सोपे आहे. ती खूण मेटलच्या जगात रूढ केली ती रॉनी जेम्स डिओ या गायकाने. तो १९७९ मध्ये ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये आला. ही खूण आपण आपल्या इटालियन आजीकडून उचलली, ती दृष्ट लागू नये म्हणून तशी बोटे करीत असे, असे तो सांगत असे. म्हणजे आपल्याकडच्या मीठ-मोहऱ्यांचीच ही चुलत बहीण. सासूबाईंना एवढे सांगून पाहा. त्या कदाचित मुलाच्या बाजूने उभ्या राहतील.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तुम्ही गायिका आहात म्हणून तुमच्याच भाषेत लिहितो. मेटलची गिटार बहुतेक वेळ पूर्ण स्वरसंवाद (कॉर्ड) वाजवीत नाही. ती फक्त षड्ज आणि पंचम (सा आणि प) एकत्र छेडते. हा योगायोग नाही. गिटारचा ध्वनी मुद्दाम फाडला, म्हणजे डिस्टॉर्शनमधून काढला, की दोन स्वरांच्या कंपनसंख्यांमधील फरकाचा तिसरा स्वरही त्यातून उमटतो. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण २ आणि ३ असे असल्यामुळे फरक १ येतो, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. न वाजवलेला खर्ज आपोआप ऐकू येतो आणि ध्वनी भारदस्त होतो. त्यातच गंधार मिसळला तर सगळे गढूळ होते, म्हणून तो टाळतात. ज्यांनी आयुष्यभर तानपुरा जुळवला, त्यांना न छेडलेल्या स्वराचे महत्त्व मी काय सांगावे!

ब्लॅक सॅबथच्या १९७० मधील पहिल्या संग्रहात बँडच्याच नावाचे जे गाणे आहे, त्याची मूळ ओळ तीन स्वरांची आहे : षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. युरोपच्या कानाला षड्ज ते तीव्र मध्यम हे अंतर सैतानी वाटत आले. आपण मारवा राग गाताना तोच तीव्र मध्यम लावतो आणि त्यात कोणाला भुते दिसत नाहीत. या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या १७ व्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, पातळ तारा लावल्या आणि पुढे तारा सैल करून गिटार तीन अर्धस्वरांनी उतरवली. मेटलचा जो जड, खालचा आवाज तुम्हाला गोदामाच्या दारात नकोसा झाला, त्याच्या मुळाशी एका कामगार मुलाची दुखरी बोटे आहेत.

थोडे स्वतःविषयी. मी १९९६ ते २००० या काळात डोंबिवलीच्या एका बँडमध्ये गिटार वाजवीत असे. आमच्याकडे गुरू नव्हता. होत्या त्या कॅसेटवरून कॅसेट आणि तिच्यावरून पुन्हा कॅसेट अशा उतरवलेल्या प्रती. माझ्या टेपरेकॉर्डरची मोटर दमलेली होती, त्यामुळे प्रत्येक गाणे मुळापेक्षा पाव स्वर खाली वाजे आणि मी वर्षभर गिटार त्याच पट्टीत जुळवीत राहिलो. पहिल्यांदा चौघे एकत्र बसलो तेव्हा माझ्यामुळे सगळेच बेसूर झाले, आणि मी मात्र तिघांना बेसूर ठरवून मोकळा झालो! एकेक रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, उचलायला आठवडा लागे. गिटार घेऊन सकाळची लोकल पकडणे ही वेगळीच विद्या होती. चार वर्षांत आमचे ११ कार्यक्रम झाले, त्यातले नऊ महाविद्यालयांच्या महोत्सवांत. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव होत असे. तिथे वाजवण्याचे स्वप्न प्रेक्षकांतच राहिले, आणि पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले असे कार्यक्रमच थांबले. १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आला, तेव्हा आमचा बँड मोडून सात वर्षे झाली होती. तरी आम्ही चौघे रजा टाकून उद्यान एक्स्प्रेसने गेलो. पुढच्याच वर्षी १ फेब्रुवारीला त्यांनी आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात मुंबईतून केली, तेव्हा तर वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत रिक्षानेच जायचे होते.

‘वयाचा जोर’ आहे का? आहे. पण त्या जोरावर मी रोज तीन तास मेट्रोनोम (लय मोजणारे टकटक यंत्र) लावून एकच ओळ वाजवली, आणि तसे मला अभियांत्रिकीच्या कोणत्याही विषयाने करायला लावले नाही.

स्वरयंत्र

मी वाक्-श्रवण तज्ज्ञ आहे. गळ्यासंबंधी स्पष्ट लिहिते, कारण या विषयावर दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते.

गुरगुरण्याचे सगळे प्रकार सारखे नसतात. अनुभवी मेटल गायक जो घोगरा, खोल आवाज काढतात, त्यात बहुतेक वेळा खऱ्या स्वरतंतूंच्या किंचित वर असलेल्या मांसल घड्यांचा उपयोग केलेला असतो. मंगोलियाच्या शेजारच्या तुवा प्रदेशातील कंठगायनाच्या सर्वांत खालच्या प्रकारातही याच घड्या कंप पावतात, म्हणजे ही क्रिया मेटलने शोधलेली नाही. ती नीट साधली तर ध्वनी प्रचंड वाटतो, पण प्रत्यक्षात त्यामागचा जोर ऐकणाऱ्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. मोठेपणाचे काम ध्वनिक्षेपक करतो. उलट, नवशिके मान ताठ करून, खऱ्या स्वरतंतूंवर श्वासाचा सगळा दाब टाकून ओरडतात. त्याने स्वरतंतू सुजतात, आणि तेच महिनोन् महिने चालले तर त्यांवर गाठी येऊ शकतात. अशा गाठी चुकीच्या पद्धतीने गाणाऱ्या शास्त्रीय गायकांना, आणि वर्गात दिवसभर ओरडणाऱ्या शिक्षकांनाही येतात.

मुलाला तीन गोष्टी विचाराव्यात. गाताना घशात दुखते किंवा जळते का? सरावानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बोलण्याचा आवाज बसलेला असतो का? पूर्वी सहज लागणारे वरचे स्वर आता लागत नाहीत असे होते का? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर सराव थांबवून विश्रांती घ्यावी. आवाज दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. आणि कृपा करून त्या गोदामातून गायकाला तरी बाहेर काढा. हळदीची भुकटी हवेत असताना तोंडाने खोल श्वास घेत ओरडणे मला गुरगुरण्यापेक्षा अधिक चिंताजनक वाटते.

आता न विचारलेल्या प्रश्नाकडे वळते, कारण माझ्याकडे येणारे तरुण वादक गळ्यासाठी क्वचित आणि कानांसाठी अधिक येतात. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास, ही सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते : ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, आणि असेच करत १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. बंद खोलीत ड्रम आणि दोन अ‍ॅम्प्लिफायर असले की १०० सहज ओलांडले जातात, आणि ही मुले तीन-तीन तास वाजवतात. सरावानंतर कानात शिट्टी वाजते का, हे विचारा. आतील कानातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वादकांसाठी मिळणारे कानातले बोळे ध्वनी समप्रमाणात कमी करतात, त्यामुळे सूर कळतो. कापूस खुपसून काही साधत नाही. गळा विश्रांतीने बहुधा सावरतो, कान सावरत नाही, म्हणून माझ्या मते तुमची काळजी चार बोटे वर सरकली पाहिजे.

सरळमार्गी

सर्वांचे विवेचन वाचले. षड्ज-पंचम आणि कंठगायन ठीक आहे, परंतु मुलगा बारावीत आहे, ही गोष्ट कोणीच लक्षात घेतलेली दिसत नाही. वर्षभर गिटारी पेटीत ठेवल्या तर संगीताचे कोणते नुकसान होणार आहे? आमच्या वेळी असे प्रश्न घरात विचारलेच जात नसत.

तिहाई

सरळमार्गी काका, मी दहावी आणि बारावी ही दोन्ही वर्षे ड्रम वाजवीत काढली आहेत. सरावाला आठवड्यात एकच संध्याकाळ मिळे, म्हणून बाकीचे सहा दिवस मी मुकाट्याने अभ्यास करीत असे. ती संध्याकाळ काढून घेतली असती तर सहा दिवस नुसती कुढत बसले असते. सर्वांचे असेच होते असा माझा दावा नाही.

खर्ज ताई, मी नाशिकची. आधी सहा वर्षे तबला शिकले, मग ड्रमकडे वळले आणि पुण्यात महाविद्यालयात असताना मेटल बँडमध्ये वाजवू लागले. तबल्याच्या सरांना हे सांगायला मला वर्ष लागले. सांगितल्यावर त्यांनी मोठा ड्रम दोन्ही पायांनी वाजवण्याचे दुहेरी पेडल कसे चालते ते विचारले, आणि डाव्या पायाचा आघात उजव्याच्या तोडीचा येतो का, एवढीच शंका काढली. ती अगदी बरोबर होती. जसा तबल्यावर रेला (जलद बोलांची सलग रचना) वाजवताना दोन्ही हातांचे वजन सारखे लागते, तसेच हेही आहे, आणि माझा डावा पाय आजही कच्चा आहे.

तुम्ही मुलाबरोबर स्वीडनच्या मेशुगा या बँडचे एखादे गाणे ऐकून पाहा. उजव्या हाताची झांज सरळ चार मात्रांत चालते आणि गिटार व पाय मिळून विषम लांबीचे तुकडे वाजवतात, त्यामुळे तुकडा दर खेपेला वेगळ्या मात्रेवर सुरू होतो. आपल्याकडे असा तुकडा तिहाईत, म्हणजे तीनदा वाजवून, मोजून समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) आणतात. ते लोक चार किंवा आठ आवर्तने झाली की शेवटचा तुकडा चक्क मधेच कापतात आणि समेवर येतात. मला हे पहिल्यांदा आळशीपणाचे वाटले होते. नंतर ती कापलेली जागाच ऐकावीशी वाटू लागली. गायनाकडे सुरुवातीला दुर्लक्षच करा. हाताने टाळी धरा आणि झांजेच्या मागे जा.

खर्ज

सर्वांची आभारी आहे. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण आधी स्वतः ऐकावे असे ठरवले.

सासूबाईंना डिओच्या आजीची हकिकत सांगितली. आता मुलगा घराबाहेर पडताना त्याच त्याला दोन बोटे करून दाखवतात.

कानाची शिट्टी वाजते का, असे विचारल्यावर चौघांपैकी दोघांनी खाली पाहिले. आता चौघांकडेही बोळे आहेत. ड्रम वाजवणारा ते घालायला कुरकुर करीत होता, पण त्याच्या आईलाही हे सर्व वाचायला पाठवले आहे. हळदीच्या गोदामाऐवजी त्याच आवारातली रिकामी बारदानाची खोली मिळाली. तिथे आवाज बाहेर जातो, म्हणून रात्री ८ नंतर वाजवायचे नाही असे ठरले आहे. सरळमार्गींच्या मताचाही मान राखून, पूर्वपरीक्षेपासून बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत सराव बंद, असे मुलाने स्वतःच मित्रांना कळवले.

गेल्या रविवारी मी तासभर आत बसले. पहिली दोन गाणी मला अजिबात कळली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते. तिसऱ्यात गिटारने षड्जावरून सरळ कोमल रिषभावर जाऊन तिथेच ठाण मांडले, पुन्हा खाली आली, पुन्हा वर गेली, आणि मी नकळत भैरवीत शिरले. मुलाचे गुरगुरणे घशातून येत नाही, हे जवळून ऐकल्यावर पटले. दोष निघाला तो श्वासाचा. ओळीच्या मध्यावर दम संपतो आणि मग तो मान ताणतो; लहानपणी मध्यलयीतली तान घेतानाही त्याची हीच खोड होती. बाकी तिघांसमोर बोलले नाही. घरी आल्यावर मात्र तानपुरा काढला आणि रोज सकाळी २० मिनिटे खर्जात एकेका श्वासाला एकच स्वर धरायला सांगितला. चार वर्षांनी तो माझ्यासमोर बसला आहे. बँडचे गाणे सुधारावे म्हणून बसला आहे, हे मला ठाऊक आहे.

येत्या रविवारी पुन्हा बोलावले आहे. बसायला बारदान चालणार नाही, खुर्ची ठेवा, एवढे मी कळवले आहे.