शोधाच्या पानावरच उत्तर मिळू लागले, तर स्वतंत्र ब्लॉगलेखकाने काय करावे?

खाडीकाठची (वर्सोवा):
नमस्कार. मुंबईच्या कोळीवाड्यांतील मासळी, तिचे हंगाम आणि घरोघरच्या पाककृती यांवर मी गेली बारा वर्षे स्वतंत्रपणे ब्लॉग लिहीत आहे. 'सुके बोंबील कसे साफ करावेत' अशा लेखांवर पूर्वी रोज शोधातून वाचक येत. आता शोधाच्या पानावर सर्वांत वर एआयने तयार केलेले उत्तर दिसते आणि वाचक तिथूनच परत फिरतो. जाहिरातींतून डोमेन आणि होस्टिंगचा वर्षाचा खर्च भागत असे, तोही आता भागत नाही. एआयकडून लेख लिहून घेऊन संख्या वाढवावी, असे एका परिचितांनी सुचवले, पण त्याला माझे मन धजत नाही. एआय कंपन्यांना माझे लेख वाचण्यापासून अडवता येईल काय? आणि लिहीत राहायचे, तर कोणत्या विषयांवर?

जुना अक्षरजुळणीकार (गिरगाव):
ताई, लेखांची संख्या वाढवण्याच्या मागे कृपया लागू नका. जे तीन ओळींत सांगता येते, ते सांगण्यासाठी आता कोणी आपल्या दारी येणार नाही, हे मान्य करून ते लेख आहेत तसे राहू द्यावेत. मात्र आपल्याच एका लेखात, बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते जोडीजोडीने बांबूच्या मांडवावर कसे टांगतात आणि आभाळ भरून आले की घरातील सगळी माणसे ते उतरवायला कशी धावतात, याचे वर्णन होते. ते मी माझ्या नातीला वाचून दाखवले होते. एआय आधी कोणीतरी लिहिलेल्या मजकुरावरच पोसलेले असते. आज पहाटे बंदरावर कोणती मासळी उतरली आणि ती विकणारी मावशी काय म्हणाली, हे तिथे गेलेला माणूस लिहीत नाही तोवर त्याला कळणार कुठून?

आणखी एक सांगतो. युनिकोड (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच वाचता येण्याची पद्धत) रुळण्यापूर्वी आम्ही ज्या फॉन्टांत मजकूर जुळवत होतो, तो दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. ज्यांनी चिकाटीने आपले जुने लेखन युनिकोडमध्ये आणले, त्यांचे लेखन आजही शोधात सापडते; बाकीच्यांचे फ्लॉपीतच राहिले. त्यामुळे आपल्या सर्व लेखांची आणि छायाचित्रांची एक प्रत स्वतःजवळ अवश्य ठेवा.

दादरकर:
अडवण्याबाबत सांगतो. पाने वाचत फिरणाऱ्या संगणकीय प्रोग्रामांनी काय वाचू नये, हे संकेतस्थळाच्या रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये लिहिता येते. तिथे 'जीपीटीबॉट' (ओपनएआयचा असा प्रोग्राम) आणि 'गूगल-एक्स्टेंडेड' (गूगलच्या एआयला आपला मजकूर वापरू न देण्यासाठीचे नाव) यांना मनाई करता येते. ही दोन्ही नावे २०२३ मध्ये जाहीर झाली. परंतु ही फाइल म्हणजे दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे. ती पाळणे समोरच्यावर अवलंबून असते. शिवाय गूगलच्या शोधात वर दिसणारे एआयचे उत्तर 'गूगल-एक्स्टेंडेड'ला मनाई केल्याने थांबत नाही, कारण ते नेहमीच्या शोधाचाच भाग मानले जाते. पानाला 'नोस्निपेट' (उतारा दाखवू नका) ही सूचना दिल्यास त्या उत्तरात आपला मजकूर वापरला जात नाही, पण शोधात आपल्या दुव्याखाली दिसणारा उताराही नाहीसा होतो. ही किंमत मोठी आहे, म्हणून मी ती सूचना सरसकट न देता मोजक्याच लेखांना दिली आहे.

माझ्या मते खरा प्रश्न वाचकापर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा आहे. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर (निवडलेल्या ब्लॉगांचे नवे लेख एकाच ठिकाणी दाखवणारी सेवा) बंद झाले, तेव्हा त्याच्याच भरवशावर असलेल्या अनेक ब्लॉगलेखकांचा वाचकांशी असलेला धागा तुटला. वाचकांच्या संमतीने त्यांचे ईमेल पत्ते घ्या आणि महिन्यातून एक पत्र पाठवा. लेखाखाली यूपीआयचा क्यूआर कोड ठेवण्यातही संकोच नको. नियमित वाचणारे दोनशे लोक असतील, तर होस्टिंगचा खर्च त्यांच्याकडून निघणे अशक्य नाही.

नोंदवहीवाली (ठाणे):
एआय पूर्णपणे दूर ठेवावे, असे मात्र मला वाटत नाही. मी वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करते आणि त्यांचे पहिले शब्दांकन एआयकडून करून घेते. पूर्वी तासाभराच्या मुलाखतीला अख्खा दिवस जाई, आता दुपारपर्यंत काम हातावेगळे होते. पण ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकल्याशिवाय एकही ओळ प्रकाशित करू नये. एका आजींनी 'कोलीम' (कोळंबीसारखी अगदी बारीक मासळी) म्हटले, तिथे 'कलम' उमटले होते, आणि त्यांची बोली ठिकठिकाणी पुस्तकी मराठीत बदलली गेली होती. ताई, आपल्याला ही बोली कानांनी कळते, ही आपली फार मोठी जमेची बाजू आहे.

खाडीकाठची (वर्सोवा):
सर्वांचे मनापासून आभार. जुन्या लेखांची प्रत काढायला आजच सुरुवात केली आहे. ईमेलचा अर्ज या आठवड्यात लावीन आणि पहिले पत्र बोंबलाच्या मांडवावरच लिहीन. मांडव बांधणारे शेजारचे काका सत्तरीच्या पुढे आहेत. रविवारी सकाळी त्यांच्याकडे बसायचे ठरले आहे. नोंदवहीवाली ताई, ध्वनिमुद्रणासाठी साधा मोबाइल पुरेल, की वाऱ्याच्या आवाजामुळे वेगळा माइक घ्यावा लागेल?